दत्तकानंतरची गृहभेट फोनवर नको

संपादक महोदय,
मूल घरी आल्यावर दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी पाठपुरावा अहवाल हवा, असे २०२२ ची दत्तक नियमावली सांगते. आमच्याकडे हा अहवाल लिहायला पहिल्या भेटीला आलेल्या सामाजिक कार्यकर्त्या ताई सोफ्यावर टेकल्याच नाहीत. सासूबाईंशेजारी बसून मेथी निवडू लागल्या. दहा मिनिटांत सासूबाईंनी विचारले, "हिला खरं कधी सांगायचं?" (आम्हाला कधी विचारले नव्हते!) "आजपासूनच, गोष्टीतून," ताई म्हणाल्या.

पुढच्या खेपेला माणूस बदलला. फोन आला, "दोन फोटो व्हॉट्सअ‍ॅप करा." झाला अहवाल! तेव्हा लेक रोज रात्री उशीखाली पोळी लपवत होती. फोटोत ते कसे दिसणार? एका कार्यकर्तीकडे किती कुटुंबे द्यायची, हे आधी ठरवा.

— एक दत्तक आई, नाशिक