बॅटिंग साईडचा अंपायर

प्रिय बंड्या,

शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. दिवाळीत तुझा मेसेज आला, त्याला मी "हो रे, रविवारी करतो फोन" असं टाकलं आणि आता मे उजाडला. कारण काही नाही, नुसता आळस, आणि मग जेवढा उशीर होतो तेवढी लाज वाटते आणि अजून उशीर होतो. तब्येत बरी आहे, शुगर गोळीवर चाललीये.

पत्र लिहायला बसलो कारण पाडव्याला माझं आणि पक्याचं जुंपलं. साधंसुधं नाही, पार ताटावरून उठेपर्यंत. आणि कशावरून जुंपलं हे इथे कुणाला सांगून कळण्यातलं नाही. हिला सांगितलं तर म्हणाली, पन्नाशी आली तरी तुम्ही दोघं कॉलेजच्या ग्राउंडवरच आहात का?

तर ऐक. अमेरिकेतल्या आमच्या विस्कॉन्सिन राज्यात सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश लोक निवडून देतात. राज्याच्या कोर्टात सात जण, दहा दहा वर्षांसाठी. यंदा, २०२५ च्या १ एप्रिलला, त्यातल्या एका खुर्चीची निवडणूक होती, डेमोक्रॅट्सच्या बाजूची सुझन क्रॉफर्ड विरुद्ध रिपब्लिकनांचा ब्रॅड शिमेल. मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नाही, कारण निवडणूक म्हणे बिनपक्षीय. आपल्या ग्रामपंचायतीसारखंच, चिन्ह पक्षाचं नसतं पण शेंबड्या पोरालाही माहीत असतं कोण कुणाचा. कोर्टात डेमोक्रॅट्सच्या बाजूचं ४-३ चं बहुमत, आणि ही खुर्ची गेली की ते फिरणार. म्हणून दोन्ही बाजूंनी मिळून जवळपास १० कोटी डॉलर ओतले. एका जजच्या खुर्चीला! २०२३ ला अशाच खुर्चीला ५ कोटींच्या वर गेले होते तेव्हा आम्ही तोंडात बोटं घातली होती.

महिनाभर पोस्टाच्या डब्यात रोज चार-पाच गुळगुळीत कार्डं. दोघंही म्हणणार की समोरच्याने गुन्हेगार मोकळे सोडले. सासूबाई आल्यात ना इथे, त्यांनी एक दिवस कार्ड हातात घेतलं, त्यावर क्रॉफर्डचा काळापांढरा फोटो, आणि हळूच मला विचारतात, "ही बाई कधी वारली हो?" मी म्हटलं वारली नाही, विरोधकांनी छापलीये. आता ती कार्डं आमच्या ओट्यावर गरम कढईखाली घालायला आहेत, इतका जाड कागद वाया कशाला घालवायचा.

पाडवा होता ३० मार्चला, रविवारी. पक्याकडे सगळे. गुढी उतरवून झालेली, श्रीखंडाचं पातेलं टेबलावर, आणि टीव्हीवर ग्रीन बेमधे इलॉन मस्क डोक्यावर चीजच्या तुकड्याची टोपी घालून दोन मतदारांना दहा दहा लाख डॉलरचे चेक वाटतोय. खोटं नाही सांगत, हे असे हे मोठ्ठे चेक, क्रिकेटमधे मॅन ऑफ द मॅचला देतात तसे. हे थांबवा म्हणून राज्याचा ॲटर्नी जनरल याच सुप्रीम कोर्टात गेला होता, तर त्यांनी त्याच दिवशी हात वर केले. मी म्हटलं बघ पक्या, ही तुझी पार्टी. तो म्हणाला, आणि तुझ्या बाईला अब्जाधीश सोरोस आणि इलिनॉयच्या गव्हर्नरचे पैसे चालतात का? आता ते पण खरंच आहे म्हणा.

मग काय, गाडी जी सुटली ती सुटलीच. मी २०१६ काढलं. देशाच्या सुप्रीम कोर्टाचा जज स्कॅलिया फेब्रुवारीत गेला, ओबामाने मार्चमधे त्याच्या जागी गार्लंडचं नाव दिलं, रिपब्लिकनांच्या मॅकॉनेलने सिनेटमधे सुनावणीसुद्धा घेतली नाही, का तर म्हणे निवडणुकीचं वर्ष आहे. आणि २०२० ला तिथलीच जज गिन्सबर्ग सप्टेंबरात गेली तर ट्रम्पच्या बॅरेटला मतदानाच्या आठ दिवस आधी खुर्चीत बसवली. पक्या म्हणाला, सुरुवात कुणी केली? खालच्या कोर्टांच्या जजेससाठी सिनेटमधली ६० मतांची अट २०१३ ला तुमच्या डेमोक्रॅट हॅरी रीडनेच मोडली ना? तूने मारा म्हणून मैने मारा, अगदी तसलं. हाच स्कॅलिया १९८६ ला सिनेटमधे ९८-० ने आला होता रे. गिन्सबर्ग ९६-३ ने. बॅरेट ५२-४८, डेमोक्रॅट्सचं एक मत नाही.

शेवटी पक्याने त्याचं ठेवणीतलं काढलं. २००५ ला चीफ जस्टिस रॉबर्ट्स सिनेटपुढे म्हणाला होता की जज म्हणजे अंपायर, त्याने फक्त बॉल कुठे पडला ते सांगायचं. मी हसलो. म्हटलं पक्या, हा बॅटिंग साईडचा अंपायर आहे, दर वेळी आपल्याच टीमचा.

झालं. पक्याने वाटी खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "तू बोलतोस? आख्ख्या सांगलीत एकच अंपायर असा निघाला की ज्याने आपल्याच टीमच्या माणसाला आउट दिलं, आणि तू त्या बंड्याशी चार महिने बोलला नाहीस."

कुणाला काहीच कळलं नाही. सासूबाईंनी विचारलं, बंड्या कोण? मी उठलो आणि बूट घालायला गेलो.

बंड्या, लागली होती रे बॅट. तीस वर्षं सांगतोय पॅडला लागली म्हणून, पण लागली होती, खालच्या कडेला, हाताला कळतंच ना ते. त्यात २२ वर होतो आणि जिंकायला नऊ हवे होते, आणि तू माझ्याकडे न बघता बोट वर केलंस. मला आउट झाल्याचा राग नव्हता, आपल्या माणसाने दिलं त्याचा होता. पक्या विकेटकीपर होता म्हणून त्याला सगळं ठाऊक. बाकी तू त्यानंतर माझी सायकल पंक्चर केलीस ते मी विसरलेलो नाही.

१ तारखेला सकाळी ऑफिसच्या आधी मत देऊन आलो. गोल काळा करायला दोन मिनिटं सुद्धा लागली नाहीत. आणि बाहेर आल्यावर गाडीत बसलो तर लक्षात आलं की त्या बाईचा एकही निकाल मी वाचलेला नाही. १८४९ चा एक गर्भपाताचा कायदा तेव्हा त्या कोर्टापुढे पडून होता, घरात सतरा वर्षांची पोरगी आहे, मला फक्त ही बाई कुठल्या बाजूने हात वर करणार तेवढंच बघायचं होतं. म्हणजे मी तरी जज कुठे निवडला, माझ्या साईडचा अंपायर उभा करून आलो. ती दहा टक्क्यांनी जिंकली. मी पेढे वाटायचाच बाकी होतो. आणि उद्या हिनेच माझ्या विरोधात निकाल दिला तर? परत चार महिने अबोला?

टीव्हीचं तर विचारूच नकोस. पक्याकडे रिपब्लिकनांकडे झुकलेलं फॉक्स, आमच्याकडे डेमोक्रॅट्सकडे झुकलेलं एमएसएनबीसी. २५ एप्रिलला मिलवॉकीच्या एका जजबाईंना एफबीआयने कोर्टातच अटक केली, इमिग्रेशनवाल्यांपासून एका माणसाला निसटायला मदत केली असा आरोप. जिममधे ट्रेडमिलसमोर दोन टीव्ही शेजारी शेजारी, आवाज बंद. फोटो तोच. एकावर कायद्यापुढे सगळे सारखे असा सूर आणि दुसऱ्यावर न्यायव्यवस्थेवर हल्ला. मी दोन्हीकडे बघत धावत होतो आणि माझा पाय अडकला, पडता पडता वाचलो. हसू नकोस. मला हेच कळेना की मला राग आलाय तो बातमीचा की मी रोज ज्या बाजूचं बघतो त्या बाजूला बघून मान आपोआप हलली त्याचा.

तुझं काय चाललंय? मुक्ताची बारावी झाली ना, निकाल लागला म्हणे, किती ते कळव, पुण्याला पाठवतोयस का? दुकानाचं काम संपलं का? काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल, त्यांना नमस्कार. वहिनींना सांग, मागच्या वेळच्या मेतकुटाचा डबा अजून परत करायचाय, आठवण आहे.

पक्याचा पाडव्यापासून फोन नाही. आमचा आठवड्याचा बॅडमिंटनचा दिवस पाच वेळा चुकला, दोघंही कोर्ट बुक करतो आणि वेगवेगळ्या वेळेला जातो. तू एकदा लाव त्याला फोन. मी सांगितलंय असं म्हणू नकोस. बॅटचं सांगितलंस तरी चालेल.

तुझा,
आउट झालेला