रोजगार सेविका ताई, त्या पावतीसाठी मनापासून आभार

ताई, नमस्कार.

मी ठाण्यात कामाला असते, त्यामुळे तुमची भेट होत नाही. म्हणून हे पत्र.

आमची वाडी शहापूर तालुक्यातली. पावसाळ्यात मालकाकडून उचल घ्यायची, दिवाळी झाली की भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्टीवर जायचं आणि उचल फिटेपर्यंत राबायचं, हे आमच्या घरात ठरलेलंच. रोजगार हमीचं जॉबकार्ड होतं, पण पत्र्याच्या पेटीत. 1972च्या दुष्काळापासून महाराष्ट्राला रोजगार हमी माहीत आहे, 2005मध्ये देशाचा कायदा झाला. तरी आईने काम मागितलं की उत्तर एकच, "वरून काम आलं नाही." अर्ज कधी लिहूनच घेतला नाही. अर्ज नाही म्हणजे मागणी नाही, आणि मागणी नाही म्हणजे पंधरा दिवसांत काम किंवा बेकारी भत्ता द्यायची जबाबदारीही कुणावर नाही! इतकी वर्षं माणसं अशी परत पाठवणाऱ्यांचा राग अजून जात नाही.

तुम्ही मात्र वाडीत आलात, आमच्या ओट्यावर बसून अर्ज भरलात आणि पावती दिलीत. आईला वाचता येत नाही हे कळल्यावर ती सावकाश वाचून दाखवलीत. तिचं बोट धरून तारखेवर ठेवलंत आणि म्हणालात, "मावशी, इथून पंधरा दिवस मोजायचे. काम नाही निघालं तर हा कागद घेऊन मला जाब विचारायचा." सरकारी कागद तिला आजवर कुणी वाचून दाखवला नव्हता. अंगठा मात्र सगळ्यांनी घेतला.

मजगीचं, म्हणजे भातखाचरं बांधायचं, काम निघालं. मजुरी जरा रखडली, पण उचल घ्यावी लागली नाही. वहिनीला दिवस गेले होते. घरी राहिल्यामुळे अंगणवाडीत सरकारच्या अमृत आहार योजनेचं गरम जेवण, भाकरी, डाळ, पालेभाजी, अंडं, तिच्या पोटात गेलं. भट्टीवर तिला हे कोण वाढणार होतं? थोरल्याच्या वेळी भट्टीवर चटणी-भातावर दिवस काढले होते तिने. कुपोषणावर बोलणाऱ्यांनी हे बघावं. आई गावात राहिली तरच मुलाचं वजन अंगणवाडीच्या वहीत चढतं.

तुमचं स्वतःचं मानधन थकलंय, हे वाडीला कळलंय. येत्या ग्रामसभेत तो विषय आम्ही मांडणार आहोत. आई म्हणते, पहिली मीच बोलेन.

तुमची,
वाडीतली एक लेक