केसपेपर हातात नसतील तर तक्रारदाराने सिद्ध काय करायचे?

महोदय,

वैद्यकीय हयगयीच्या दाव्यांविषयी बोलणे निघाले की ते बहुधा नुकसानभरपाईच्या आकड्याशी येऊन थांबते. कोलकात्यातील एका रुग्णालयात १९९८ मध्ये झालेल्या उपचारांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सुमारे सहा कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली, तो निकाल आजही सर्वांच्या तोंडी असतो. माझ्या वहिनीने सांगलीत केलेली तक्रार मात्र भरपाईच्या मुद्द्यापर्यंत पोचलीच नाही. ती का पोचली नाही, हे सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच.

माझे थोरले बंधू मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी होते. मिरजेतील एका खासगी रुग्णालयात त्यांची हर्नियाची शस्त्रक्रिया झाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेले. आदल्या रात्री अकराच्या सुमारास त्यांचे पोट फुगले आणि त्यांना दरदरून घाम सुटला, म्हणून वहिनी दोनदा सिस्टरना बोलवायला गेली होती. पुढे केसपेपर मिळाले तेव्हा दिसले की, नाडी आणि रक्तदाबाच्या तक्त्यात रात्री अकरापर्यंत दर दोन तासांची नोंद आहे, आणि त्यानंतरची नोंद थेट पहाटे चारची आहे. मधले रकाने कोरे. संमतिपत्र इंग्रजीत छापलेले होते. त्यावर वहिनीची सही आहे, पण तिने सही केली तेव्हा शस्त्रक्रियेच्या नावाची जागा रिकामी होती, असे ती आजही सांगते.

हे कागद मिळायला चार महिने लागले, आणि तेही वकिलाची नोटीस गेल्यावर. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार आंतररुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवणे आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यास ७२ तासांत देणे बंधनकारक आहे. हा नियम आम्हाला वकिलाकडून कळला. तोपर्यंत आम्ही काउंटरवर तोंडी विनंती करत होतो आणि 'साहेब बाहेरगावी आहेत' हे उत्तर ऐकून परत येत होतो.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल झाल्यावर कागदपत्रे तज्ज्ञ समितीकडे गेली. समितीचा अहवाल एका वाक्याचा होता: उपलब्ध कागदपत्रांवरून निष्काळजीपणा झाला असे म्हणता येत नाही. कोऱ्या रकान्यांविषयी त्यात अवाक्षर नव्हते. आमच्या बाजूने मत देण्यासाठी आम्ही पाच सर्जनांकडे गेलो. दोघांनी कागद वाचून मान हलवली, पण लिहून द्यायला कोणीच तयार झाले नाही. शवविच्छेदन करायचे का, असे त्या पहाटे विचारले गेले तेव्हा आम्हीच नको म्हणालो होतो, त्यामुळे मृत्यूचे नेमके कारणही सिद्ध करता आले नाही. तक्रार फेटाळली गेली. अपील करण्याची वहिनीची उमेद उरली नव्हती.

संबंधित डॉक्टर दोषीच होते असे मी म्हणत नाही. त्या पाच तासांत काय झाले हे मला माहीत नाही, आणि माझे दुःख नेमके हेच आहे.

कायद्याने दरवाजे बंद ठेवलेले नाहीत. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवले, आणि २०१९ च्या नव्या कायद्यानंतरही ती स्थिती कायम आहे. जेकब मॅथ्यू या डॉक्टरच्या प्रकरणात २००५ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की, फौजदारी गुन्ह्यासाठी हयगय ढोबळ, म्हणजे अतिशय गंभीर स्वरूपाची असली पाहिजे आणि डॉक्टरवर कारवाई करण्यापूर्वी दुसऱ्या सक्षम डॉक्टरचे मत घेतले पाहिजे. हे संरक्षण मला योग्य वाटते. प्रत्येक मृत्यूनंतर पोलीस दारात येऊ लागले, तर अवघड रुग्णाला हात लावायला कोणी धजावणार नाही. ग्राहक आयोगापुढील प्रत्येक तक्रारीत तज्ज्ञाचे मत हवेच असे नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले आहे.

परंतु तज्ज्ञाच्या मताशिवाय तक्रार टिकते ती चूक उघड्या डोळ्यांना दिसते तेव्हा. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ मध्ये नसबंदीच्या शस्त्रक्रियेत एका महिलेच्या पोटात टॉवेल राहिला आणि तिचा मृत्यू झाला. तेथे हयगय वेगळी सिद्ध करण्याची गरजच नव्हती, तरी खालच्या न्यायालयाने दिलेली ३६,००० रुपयांची भरपाई उच्च न्यायालयात रद्द झाली आणि सर्वोच्च न्यायालयातून पुन्हा मिळायला १९९६ साल उजाडले. त्याआधीचा, पुण्यातील १९५३ च्या घटनेचा खटला तर मला फार बोलका वाटतो. मांडीचे हाड मोडलेल्या तरुणाला पुरेशी भूल न देता जोर लावून हाड ओढले गेले आणि तो दगावला. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३,००० रुपयांची भरपाई कायम केली. त्या मुलाचे वडील स्वतः डॉक्टर होते. आपल्या मुलावर काय केले गेले हे त्यांना समजत होते. माझ्या वहिनीला समजण्याचा मार्ग केसपेपर एवढाच होता.

म्हणून माझी आग्रहाची मागणी आहे की, रुग्णाला घरी सोडताना किंवा मृतदेह ताब्यात देताना डिस्चार्ज कार्डाबरोबर संपूर्ण केसपेपरची प्रत, भूलतज्ज्ञाच्या आणि परिचारिकांच्या नोंदींसह, न मागता दिली जावी. संमतिपत्र मराठीत असावे आणि शस्त्रक्रियेचे नाव लिहिल्याखेरीज त्यावर सही घेऊ नये. जिल्हा शल्यचिकित्सक किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या समितीने तक्रारदाराच्या प्रत्येक मुद्द्याला कारणांसह आणि ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यावे. निष्कर्ष डॉक्टरच्या बाजूचा असला तरी चालेल, पण तो कसा काढला हे वाचणाऱ्याला कळले पाहिजे. यात डॉक्टरांचेही हित आहे, कारण वेळच्या वेळी लिहिलेल्या नोंदीइतका भक्कम बचाव दुसरा नाही. रुग्णालयांत होणारी मोडतोड मला मुळीच मान्य नाही, त्यासाठी २०१० पासून राज्यात स्वतंत्र कायदाही आहे. मात्र कागद दडवले की संशय वाढतो, हे मी माझ्याच घरात पाहिले आहे.

आमच्यासारखी वेळ ज्यांच्यावर येईल त्यांनी केसपेपरची मागणी पहिल्याच आठवड्यात लेखी करावी आणि अर्जाच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. मृत्यूच्या कारणाविषयी शंका असेल तर शवविच्छेदनाला नकार देऊ नये. आयोगात तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची असते, आणि त्यातले पहिले चार महिने आम्ही काउंटरसमोर उभे राहून घालवले होते.

आपला,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली