घडीचा चाकू आणि कलम 37

कोथरूड, पुणे
रविवार

प्रिय विन्या,

तुझं पत्र पोचलं. डिसेंबरात राजगडला जायचं पक्कं, आणि तुझा तो लाल स्विस चाकू आणायचाही पक्का. फक्त चेक-इनच्या बॅगेत टाक. हातातल्या बॅगेत निघाला तर विमानतळावरच त्याचा निरोप घ्यावा लागेल. ‘इथे चालेल ना, कायदेशीर आहे ना?’ असं विचारलं आहेस, त्याचं उत्तर मात्र एका ओळीत मावत नाही. गेले काही दिवस याच विषयाने माझं डोकं खाल्लंय, कारण पुढे सांगतो.

कागदावर तू सुरक्षित आहेस. केंद्राच्या 2016 च्या शस्त्र नियमांत तलवार, खंजीर, संगीन, भाले यांच्या रांगेत चाकूही बसवलेत. पण पातं 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद असेल तर, आणि तेही घरकाम, शेती, विज्ञान किंवा उद्योगासाठी बनवलेलं नसेल तर. तुझ्या चाकूचं पातं या हिशेबात कुठेच नाही. दिल्लीत माप आणखी आवळलेलं आहे. तिथल्या 1980 च्या अधिसूचनेत खटक्याच्या, म्हणजे बटण दाबलं की पातं उघडणाऱ्या, चाकवांसाठी पात्याची मर्यादा लांबीला 7.62 आणि रुंदीला 1.72 सेंटिमीटर धरली आहे. 7.62 म्हणजे नेमके 3 इंच. ब्रिटनच्या 1988 च्या कायद्यानेही खिशातल्या घडीच्या चाकूला 3 इंचांपर्यंतच मोकळीक दिली.

त्या ब्रिटिश कायद्याची गंमत ऐक. चाकू उघडल्यावर पातं लॉक होत असेल, तर तो घडीचा चाकू धरायचाच नाही, असं तिथल्या न्यायालयाने ठरवलं. मग 3 इंचांची सवलतही गेली. आता तूच सांग, लॉक कशाला असतो? दोरी कापताना जोर लावला आणि पातं उलटं मिटलं, तर बोटावर येतं. लॉक आहे तो वापरणाऱ्याचं बोट वाचवायला. म्हणजे जो चाकू वापरायला जास्त सुरक्षित, तोच कायद्याच्या लेखी जास्त धोकादायक. अमेरिकेत 2009 मध्ये याच चालीवर, बोटाने पातं थोडं ढकललं की पुढचं काम स्प्रिंग करते, असे चाकू खटक्याच्या चाकवांत मोडायचा प्रस्ताव कस्टम्सने आणला. चाकूवाल्यांनी एवढा गलका केला की त्याच वर्षी संसदेने कायदा बदलून अशा चाकवांना वगळलं. आपल्याकडे चाकू बाळगणाऱ्यांची संघटना काढायची म्हटली, तर पहिली सभा चौकीतच भरेल.

तुमच्या जर्मनीचं तर मला तुझ्यापेक्षा जास्त पाठ झालंय. एका हाताने उघडणारा आणि लॉक होणारा चाकू 2008 पासून सबळ कारणाशिवाय जवळ घेऊन फिरायचा नाही. 2024 च्या उन्हाळ्यात घडी न होणाऱ्या चाकूच्या पात्याची 12 सेंटिमीटरची मर्यादा 6 वर आणायची चर्चा सुरू झाली, आणि त्याच ऑगस्टमध्ये झोलिंगेनच्या उत्सवात तो चाकूहल्ला झाला. नेमकं झोलिंगेन! ज्या गावाचं नाव सुऱ्या-कात्र्यांमुळे जगभर गेलं, ते. ऑक्टोबर संपायच्या आत जत्रा-उत्सवांत आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांत चाकूबंदी आली, खटक्याच्या चाकवांवर जवळपास सरसकट बंदी आली, आणि अशा जागी संशय नसतानाही झडती घ्यायचा अधिकार पोलिसांना मिळाला. तीन माणसं मेली होती, सरकारला काहीतरी करणं भाग होतं, हे मला कळतं. पण झडतीच्या कलमाशी मी अडखळतो. स्टुटगार्टच्या स्टेशनवर बॅग कोणाची आधी उघडतात, हे तू मला मागे फोनवर सांगितलं होतंस. तुझीच.

आता पुण्याचं. इथे घडीच्या चाकूची भीती कोणालाच नाही, इथे दहशत कोयत्याची. ऊस तोडायचा, शहाळं सोलायचा कोयता. शेतीचं अवजार, म्हणून त्या 9 इंचांच्या यादीतून आपोआप सुटलेला. तो घेऊन पोरं गाड्या फोडत, दुकानदारांना धमकावत फिरायला लागली, तेव्हा 2023 च्या सुरुवातीला पोलिसांनी बोहरी आळीतल्या अवजारांच्या दुकानांकडे मोर्चा वळवला आणि कोयता घेणाऱ्याचं आधार कार्ड मागायचं ठरलं. आमच्या सोसायटीतले एक निवृत्त काका तर म्हणतात, चाकूसुद्धा लायसन्सवरच द्यावा. त्यांच्या घरी विळी आहे, अडकित्ता आहे, माळ्यावर आजोबांची गुप्ती आहे. लायसन्स लागणार ते इतरांना.

खरी मेख आहे ती महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 मध्ये. सण, मोर्चा, निवडणूक असं काही आलं की त्याखाली आदेश निघतो. बहुधा पंधरवड्याचा असतो, तो संपतो तोवर पुढचं काहीतरी येतंच. त्यात तलवारी, भाले, बंदुका, चाकू, काठ्या-लाठ्या आणि ‘शारीरिक इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू’ जवळ बाळगायला बंदी. इंच नाहीत, सेंटिमीटर नाहीत. माझी ट्रेकिंगची काठीही त्यात बसते. आदेश मोडला तर कलम 135, कैद सहसा किमान चार महिने, जास्तीत जास्त एक वर्ष. मग कोणाला धरायचं? नाक्यावर उभा असलेला माणूस ठरवेल त्याला.

सिंहगड रोडच्या नाकाबंदीत माझी सॅक उघडली होती. चाकू निघाला. ‘हे काय, काका?’ ‘कांदा कापायला.’ ‘जावा.’ संपलं. चष्मा, पिकलेले केस आणि ‘कोथरूड’ हा पत्ता एवढ्यावर माझी सुटका झाली.

आमच्या इस्त्रीवाल्याच्या मुलाची नाही झाली. तू त्याला पाहिलंयस, शाळेत असताना कपड्यांची गाठोडी घेऊन वर यायचा. आता वाघोलीच्या एका गोदामात खोकी फोडायचं काम करतो. रात्रपाळीहून येताना अडवला, खिशात फोल्डिंगचा चाकू. पातं तुझ्या चाकवाएवढंच. कामाचा आहे म्हणून सांगितलं तर ‘सगळे तेच सांगतात’. पंचनामा झाला, चाकू मुद्देमालात गेला, 37 सह 135 खाली गुन्हा. ‘चाकू बाळगणारा ताब्यात’ असा मेसेज पेठेतल्या ग्रुपवर फोटोसकट फिरला. शिक्षा होईल न होईल. पण त्याला एका कंपनीत कायमची नोकरी लागत होती, तिथे पोलीस व्हेरिफिकेशन मागितलंय, आणि ते आता अडकलंय.

म्हणून पात्याची लांबी किती असावी या वादात मला आता रस उरला नाही. 3 इंच करा, 6 सेंटिमीटर करा, तुझ्यामाझ्यासारख्याला फरक पडत नाही, आपल्याला ‘जावा’ म्हणतात. नियम करायचाच तर असा करा की चाकूबरोबर दुसरं काही निघालं का, धमकी, भांडण, मागचे गुन्हे, हे पोलिसांनी कागदावर दाखवावं. खिसा कोणाचा, एवढ्यावर गुन्हा होऊ नये. काकांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, तुम्ही फार वाचता.

पुढच्या महिन्यात तारीख आहे, मी त्याच्याबरोबर जातोय. सुपरवायझरने खूप आढेवेढे घेऊन कामाचा दाखला दिला. चाकू गोदामातूनच मिळाला होता, हे मात्र तो लिहून द्यायला तयार नाही, आणि सगळं तिथेच अडलंय. तुझी मामेबहीण शिवाजीनगर कोर्टात फौजदारी बघते ना? तिचा नंबर पाठव, आणि आधी तू तिच्याशी बोल. फी मी बघतो, पोराच्या बापाला त्यातलं काही कळू देऊ नकोस.

तुझा,
मिल्या