टेंडरमध्येच शिकाऊ पोरांची अट घाला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी गुहागर तालुक्यातला गवंडी. 34 वर्षं चिऱ्याचं नि सिमेंटचं काम केलं, आता गुडघे साथ देत नाहीत म्हणून घरी असतो. मे महिन्यात वाडीजवळ एका सरकारी इमारतीचा स्लॅब टाकायचं चाललं होतं म्हणून सवयीने बघायला गेलो, तर सळया थेट फळीला टेकलेल्या, सळईखाली काँक्रीटचा थर राहावा म्हणून ठेवायचे ठोकळे, म्हणजे कव्हर ब्लॉक, औषधालासुद्धा नाहीत. आमच्या खाऱ्या हवेत अशी सळई गंजून फुगते आणि खालचं काँक्रीट पोपडे धरून पडायला लागतं. सुपरवायझरला सांगितलं तर त्याने खडीचे चार तुकडे सारले सळईखाली, झालं काम.

तिथेच शेजारचा पोरगा भेटला. आयटीआयला 2 वर्षं ड्राफ्ट्समन सिव्हिल, म्हणजे बांधकामाची ड्रॉइंग काढायचं शिक्षण केलेला, आणि साईटवर करतोय काय तर रात्री वॉचमनकी नि सकाळी पाणी मारायचं. म्हटलं, अरे ड्रॉइंग तरी बघायला मागितलंस का? म्हणाला, "काका, मागितलं होतं, तर म्हणाले तुझं काय काम त्यात." दिवाळीनंतर तो मुंबईला गेला, तिकडे आता पार्सल पोचवतो. मला खरंच वाईट वाटलं.

कामं कमी आहेत म्हणावं तर तसंही नाही. मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण 2011 पासून चाललंय, तेव्हा पहिलीत असलेलं पोर आता आयटीआय होऊन बाहेर पडलं. शिवाय पूल, जेट्ट्या, शाळा, नळपाणी योजना आहेतच. सेंट्रिंगवाले, सळया वाकवणारे बारबेंडर बाहेरून येतात, त्यांच्याबद्दल राग नाही, त्यांनाही कुणीतरी हाताला धरून शिकवलंच असणार, पण आमच्या पोरांना कोण शिकवणार?

कायदा आहे. 1961 चा अप्रेंटिस कायदा, 30 किंवा जास्त माणसं असतील तर कंत्राटी धरून अडीच ते 15 टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात. पण मोठा ठेकेदार काम पोटठेकेदाराला देतो, तो मुकादमाला देतो, आणि प्रत्येकाकडे माणसं 30 च्या आतच, मग कायदा लागायचा कुणाला? म्हणून माझं म्हणणं, अट टेंडरमध्येच घाला. एवढ्या रकमेच्या कामाला एवढी स्थानिक पोरं, हातात थापी नि भिंत सरळ बघायचा ओळंबा देऊन शिकवायची, विद्यावेतन द्यायचं, शेवटी सर्टिफिकेट, आणि ते झाल्याशिवाय शेवटचं बिल काढायचं नाही. खर्च अंदाजपत्रकात वेगळा धरा, नाहीतर ठेकेदार तो पोरांच्या पगारातूनच काढणार. आणि 5-10 लाखाच्या गटारीला ही अट नको, छोटा ठेकेदार मरेल. कामगार कल्याणाचा 1 टक्का सेस बांधकामावर कापला जातोच, तसंच हेही जमायला काय हरकत आहे?

ठेकेदार म्हणतात कोकणातली पोरं गणपतीला नि शिमग्याला साईट सोडून पळतात. पळतात, खोटं कशाला बोलू, मीही पळायचो. पण मग त्या सुट्ट्या आधीच ठरवून घ्या ना! पावसात काम तसंही मंद असतं, जून ते सप्टेंबर पोरांना आयटीआयमध्ये ड्रॉइंग वाचायला, सळईचा हिशोब करायला शिकवा आणि ऑक्टोबरपासून साईटवर. माझ्या चुलत्याने मला पहिलं वर्षभर नुसतं मसाला कालवायला नि चिरे भिजवायला ठेवलं, मग ओळंबा हातात दिला, आणि कोपरा वाकडा आला की अख्खा थर उतरवायला लावायचा. रडू यायचं तेव्हा. पण त्यानंतर माझी भिंत कधी वाकडी गेली नाही.

आमदार-खासदारांना आणि बांधकाम खात्याच्या साहेबांना हात जोडून एकच विनंती. कामाच्या जागी जो बोर्ड लावता ना, कामाचं नाव, रक्कम, ठेकेदार, त्यावर खाली अजून एक ओळ घाला, इथे शिकणारी मुलं किती आणि कुठल्या गावची.

– एक गवंडी, ता. गुहागर