कुना लोकांची सभा आणि शेर्झर

संपादक महोदय,

आदिवासी भाषांवरचा तुमच्या पुरवणीतला लेख वाचला, चांगला आहे, पण सगळा सूर भाषा मरतायत एवढाच, म्हणून अमेरिकन भाषा-मानववंशशास्त्रज्ञ जोएल शेर्झर यांच्याबद्दल लिहावंसं वाटलं. टेक्सास युनिव्हर्सिटीत (ऑस्टिनला) आयुष्यभर शिकवलं, पण खरं काम पनामातल्या सान ब्लास बेटांवर, कुना ह्या आदिवासी लोकांत, आणि तिथे नुसतं व्याकरण न लिहिता ते गावच्या सभेत जाऊन बसले. तिथे प्रमुख हॅमॉकमध्ये (टांगलेल्या झोळीत) पडून चक्क गाऊन बोलतो, दुसरा प्रमुख कथेला हुंकार द्यावा तसा मधेमधे साथ देतो, मग आर्कार म्हणजे प्रवक्ता उठून सगळं साध्या बोलीत उलगडून सांगतो आणि गावचं राजकारण ह्यातूनच चालतं! लोककला म्हणून सोडून देऊ नका, ह्याच लोकांनी १९२५ ला पनामा सरकारविरुद्ध बंड केलं होतं.

मला विचाराल तर पुस्तकांपेक्षा मोठं काम म्हणजे 'आयला', लॅटिन अमेरिकेतल्या आदिवासी भाषांचं डिजिटल अर्काइव्ह, जे उभं करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. रेकॉर्डिंग्ज प्रोफेसरांच्या कपाटात सडण्यापेक्षा हे कितीतरी बरं. शेर्झर २०२२ मध्ये गेले, मराठी पेपरांत माझ्या वाचनात तरी एक ओळ आली नाही. पुढच्या लेखात गोंडी, कोरकूतल्या सभा-पंचायती कशा बोलतात त्यावरही येऊ द्या.

- एक वाचक, सांगली