एडी शोअर यांचे किस्से हसण्यावारी नेऊ नयेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पुरवणीत आइस हॉकीतील विक्षिप्त संघमालकांविषयी आलेल्या लेखात एडी शोअर यांचे किस्से मोठ्या चवीने सांगितले आहेत. ते किस्से ज्यांच्या जिवावर घडले, त्या खेळाडूंविषयी मात्र लेखात अवाक्षर नाही. हे फार खटकले, म्हणून हे पत्र.

खेळाडू म्हणून शोअर यांचे मोठेपण वादातीत आहे. बोस्टन ब्रुइन्सकडून खेळताना त्यांनी एनएचएल या उत्तर अमेरिकेतील सर्वोच्च आइस हॉकी लीगच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी हार्ट ट्रॉफी चार वेळा पटकावली. आजवर दुसऱ्या कोणत्याही बचावपटूला हे साधलेले नाही. स्वतःची कारकीर्द संपण्याआधीच, १९३९ मध्ये, त्यांनी मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफिल्ड इंडियन्स हा दुय्यम लीगमधला संघ विकत घेतला आणि काही काळ तर या संघाकडून आणि एनएचएलमध्येही ते एकाच वेळी खेळत होते. १९६० ते १९६२ अशी सलग तीन वर्षे त्यांच्या संघाने कॅल्डर कप, म्हणजे त्या दुय्यम लीगचा विजेता चषक, जिंकला. लहान शहरातला संघ तिकिटांच्या पैशांवर जगवायचा म्हणजे पै-पैचा हिशेब ठेवावाच लागतो, हेही मला मान्य आहे.

परंतु जायबंदी झालेल्या किंवा संघातून वगळलेल्या खेळाडूंना खुर्च्या रंगवायला लावणे, प्रेक्षकांना पॉपकॉर्न विकायला लावणे, याला काटकसर कसे म्हणावे? सरावात गोलरक्षक सारखा खाली पडतो म्हणून त्याला गोलच्या आडव्या दांड्याला दोरीने बांधले गेले. या प्रसंगावर लेखकाला हसू येते. त्या दोरीत उभा असलेला माणूस महिन्याच्या पगारावर घर चालवत होता, हे मला विसरता येत नाही.

खेळाडू हे सहन का करत होते, याचे उत्तर त्या काळच्या व्यवस्थेत आहे. १९६७ पर्यंत एनएचएलमध्ये अवघे सहा संघ होते, त्यामुळे वरच्या स्तरावर जागा मोजक्याच. आणि एकदा करारावर सही केली की खेळाडूचे हक्क मालकाच्या हाती जात, त्याच्या मर्जीशिवाय दुसऱ्या संघात जाण्याची सोय नव्हती. निलंबन बिनपगारी असे आणि ते कधी उठेल हेही मालकच ठरवत असे.

अखेर १९६६ च्या डिसेंबरात शोअर यांनी मन लावून खेळत नाहीत, असा ठपका ठेवून तिघांना निलंबित केले, तेव्हा उरलेल्या संघाने खेळायलाच नकार दिला. खेळाडूंच्या वतीने टोरांटोचे वकील ॲलन ईगलसन मध्ये पडले, शोअर यांना दैनंदिन कारभारातून बाजूला व्हावे लागले आणि पुढच्याच वर्षी ईगलसन यांच्याच पुढाकाराने एनएचएल खेळाडूंची संघटना उभी राहिली. (याच ईगलसन यांनी पुढे खेळाडूंनाच फसवले आणि १९९८ मध्ये त्यांना तुरुंगवास झाला, हे दुर्दैव वेगळे.) आपल्या लेखात या संपावर एक ओळही नाही. शोअर यांच्या मालक म्हणून कारकिर्दीतील सर्वांत महत्त्वाची घटना हीच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

१९६७ मध्ये एनएचएलचे संघ दुप्पट झाले आणि स्प्रिंगफिल्डचे बरेचसे खेळाडू लॉस एंजेलिस किंग्ज या नव्या संघाकडे गेले. त्या संघाच्या इतिहासातला पहिला गोल ब्रायन किल्री यांनी केला. संपाच्या वेळी सहकाऱ्यांची बाजू मांडायला पुढे झालेले खेळाडू तेच. लेखाचा पुढचा भाग येणार असेल, तर त्यात त्यांचे नाव यावे, ही विनंती.

आपला नियमित वाचक,
पुणे